पेपर नको, मसुदे वाचा : पदव्युत्तर इंग्रजी विभागांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांचे पदव्युत्तर इंग्रजी विभागप्रमुख,
तसंच इंग्रजी अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य

विषय : एम.ए.च्या पहिल्या सत्रातला संशोधन पद्धतीचा विषय लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष लेखनातून शिकवण्याबाबत

सन्माननीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. बी.ए.चे तास घेते आणि एम.ए.च्या मुलांचे प्रकल्पही वाचते. तुमच्यापैकी काहींना प्रत्यक्ष ओळखते, काहींच्या हाताखाली शिकलेही आहे. त्यामुळे हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका. आपण सगळे एकाच कामाला लागलो आहोत आणि त्यातला एक भाग चुकीच्या जागी अडकला आहे, असं मला मनापासून वाटतं. तेवढंच सांगायचं आहे.

2023–24 पासून नवं शैक्षणिक धोरण पदव्युत्तर वर्गांना लागू झालं. दोन वर्षांच्या 88 श्रेयांकांपैकी (क्रेडिट्स) 4 पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला आले. तिसऱ्या सत्रात प्रकल्पाला 4 आणि चौथ्या सत्रात 6. म्हणजे 14 श्रेयांक संशोधनाचे. यापूर्वी एखादा विद्यार्थी प्रश्नोत्तरं लिहून एम.ए. होऊ शकत असे. स्वतःचं म्हणणं पाच पानं सलग मांडायची वेळ त्याच्यावर न येताही. आता ती प्रत्येकावर येते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. काही सहकारी म्हणतात, या मुलांना संशोधन कशाला, त्यांना नेट-सेट करून नोकरीला लागायचंय. मला हे अजिबात पटत नाही. दिव्याहून, बदलापूरहून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच एम.ए.पर्यंत पोचलेल्या मुलीला स्वतःचा प्रश्न धरून वर्षभर चालता येणं हा तिचा हक्क आहे.

पण त्या पहिल्या 4 श्रेयांकांत आपण शिकवतो काय? गृहीतकाची, म्हणजे तपासून पाहायच्या अंदाजाची, व्याख्या आणि प्रकार. नमुना निवडीच्या पद्धती. प्रश्नावली कशी तयार करावी. प्राथमिक आणि दुय्यम सामग्री. बऱ्याच ठिकाणी हाताशी असलेलं पुस्तक वाणिज्य किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं असतं, नोट्स त्यावरूनच निघतात आणि सत्राअखेर 'गृहीतकाची व्याख्या देऊन त्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा' असा प्रश्न येतो. मुलं तो पाठ करून उत्तम सोडवतात. मग तीच मुलं तिसऱ्या सत्रात प्रकल्पाचा विषय घेऊन समोर बसतात, तेव्हा 'अमुक कादंबरीचा उत्तरवसाहतवादी अभ्यास' यापलीकडे त्यांच्याकडे काही नसतं. सोमवारी सकाळी वही उघडून नेमकं काय करायचं, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला बहुतेक वेळा नमुना निवडायचा नसतो. आवृत्त्या ताडून पाहायच्या असतात. एखाद्या पुस्तकाचं त्याच्या काळात स्वागत कसं झालं हे मासिकांतून शोधायचं असतं. एका परिच्छेदावर तासभर थांबून त्यातली वाक्यं काय करताहेत ते पाहायचं असतं. आधीच्या समीक्षकांनी कोणता मुद्दा कुठे सोडला ते हेरायचं असतं. यातली प्रत्येक गोष्ट शिकवता येते, पण व्याख्या देऊन नाही.

एक उदाहरण जरा सविस्तर देते. एका विद्यार्थ्याने विषय आणला होता, 'भारतातला शेक्सपिअर'. एवढ्या विषयावर आयुष्य पुरणार नाही. बोलता बोलता तो 'हॅम्लेट'वर आला, आणि मराठी 'हॅम्लेट'बद्दल त्याने काहीच ऐकलेलं नव्हतं. गोपाळ गणेश आगरकरांचं 'विकारविलसित' 1883 साली छापून आलं, शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं, गणपतराव जोशींचा हॅम्लेट त्या काळी गाजला, हे त्याला सांगितल्यावर तो सावरून बसला. इंग्रजीच्या वर्गात आगरकर येतील अशी त्याची कल्पना नव्हती. मग त्याला म्हटलं, मूळ नाटकात दफनभूमीतला प्रवेश आहे, कबर खोदणारे बोलतात, हॅम्लेट कवटी हातात घेतो. ज्या समाजात प्रेत जाळतात, त्या समाजासाठी लिहिताना या प्रवेशाचं काय करायचं? आगरकरांनी काय केलं, ते पुस्तकात बघ. रंगभूमीवर काय झालं, ते त्या काळच्या परीक्षणांत बघ. दोन्हींत फरक असेल, तर तो का पडला याचा विचार कर.

हा झाला प्रश्न. याला गृहीतक लागत नाही. लागतं ते पुस्तक हातात घेणं.

आणि पुस्तक हातात घेतलं की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : कुठलं 'हॅम्लेट'? मुलांना वाटतं नाटक एकच. 1603 साली छापलेली पहिली क्वार्टो (लहान आकाराची) प्रत वेगळी, 1604–05 ची दुसरी वेगळी, 1623 च्या फोलिओतली (मोठ्या आकाराच्या नाट्यसंग्रहातली) आणखी वेगळी. पहिली प्रत दुसरीच्या निम्म्याहून थोडीच मोठी आहे, आणि ती प्रत अस्तित्वात आहे हे अभ्यासकांना 1823 मध्ये कळलं. 'टु बी ऑर नॉट टु बी' हे तर सगळ्यांना पाठ. पण पहिल्या क्वार्टोत त्यापुढे 'दॅट इज द क्वेश्चन' नाही, तिथे 'आय, देअर्स द पॉइंट' आहे. दोन्ही ओळी फळ्यावर शेजारी लिहून द्या आणि फक्त विचारा, आता तुम्ही कोणती उद्धृत कराल आणि का. संपादित आवृत्ती म्हणजे काय, संपादकाने कोणते निर्णय घेतले, नेटवरून उतरवलेल्या बेनामी पीडीएफवर विसंबून का राहू नये, हे सगळं त्या एका तासात मुलांच्या लक्षात येतं. त्यानंतर 'आगरकरांच्या समोर कोणती इंग्रजी आवृत्ती असेल?' हा प्रश्न त्या विद्यार्थ्याने स्वतःहून विचारला. माझ्या दृष्टीने संशोधन पद्धतीचा विषय तिथे शिकवून झाला होता.

ठाण्यात बसून हे करता येतं, हे मला विशेष सांगायचंय. विनायक लक्ष्मण भावे यांनी ऐन विशीत, 1893 साली, ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केलं. जुन्या हस्तलिखित पोथ्या धुंडाळून मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारा हा माणूस आपल्या शहरातला. पद्धतीच्या पुस्तकांत त्यांचं नाव येत नाही, पण त्यांनी जे केलं ती पद्धतच होती. ग्रंथ संग्रहालय स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इंग्रजीच्या एम.ए.ची मुलं रोज त्याच्या आसपासून ये-जा करतात आणि आपण त्यांना सांगतो की संशोधनासाठी परदेशी नियतकालिकं लागतात. तीही लागतात. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाचकाने इंग्रजी साहित्याचं काय केलं, हा विषय आपल्या मुलांइतका सहज दुसऱ्या कुणाला हाताळता येणार? त्यांना ती भाषा येते, मोडी शिकायची तयारी असते, आजोबांच्या कपाटात त्या काळची पुस्तकं असतात. हे भांडवल आपण वापरत नाही.

वापरायला लागलो की जी कौशल्यं लागतील ती कुठल्याही आयत्या नोट्समध्ये नाहीत. जुन्या मराठी पुस्तकावर कित्येकदा फक्त शके छापलेलं असतं. शके 1805 असेल तर 78 मिळवून 1883 येतं. पण पुस्तक पौषात किंवा पुढे माघ-फाल्गुनात निघालं असेल तर 1884 असू शकतं, म्हणून संदर्भसूचीत दोन्ही द्यावे लागतात. नावांचंही तसंच. आडनाव आधी, नाव नंतर, हा नियम मुलं पाठ करतात आणि मग संत तुकारामांना सूचीत 'महाराज' या आडनावाखाली टाकतात. जो आडनावाने ओळखला जात नाही त्याचं नाव आहे तसंच लिहायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं. मराठी पुस्तकाचं नाव इंग्रजी सूचीत देवनागरीत द्यायचं की रोमन लिपीत? रोमनमध्ये द्यायचं तर दीर्घ स्वर, ळ आणि ण कसे दाखवायचे? जी पद्धत धराल ती पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकच ठेवा, एवढं एक वाक्य पहिल्या महिन्यात सांगितलं तरी पुढची अर्धी दुरुस्ती वाचते.

एमएलए या संदर्भ देण्याच्या शैलीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तिच्यावर आपला फार वेळ जातो आणि तो चुकीच्या गोष्टीवर जातो. 2009 च्या सातव्या आवृत्तीप्रमाणे प्रत्येक नोंदीत 'प्रिंट' किंवा 'वेब' लिहावं लागे. 2016 च्या आठव्या आवृत्तीने ते काढून टाकलं. प्रत्येक प्रकाराला वेगळा नियम देण्याऐवजी नऊ घटकांचा एकच साचा दिला आणि 'कंटेनर' ही कल्पना आणली : लेख मासिकात, मासिक डेटाबेसमध्ये, म्हणजे एकात एक. 2021 ची नववी आवृत्ती त्याच वाटेवर आहे. तरी आजही प्रकल्पांत पुस्तकांपुढे 'प्रिंट' दिसतं, कारण नोट्स जुन्या आहेत. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. आपण स्वल्पविरामाला गुण कापतो आणि 'हे पुस्तक तू पाहिलंस का?' हे विचारत नाही. संदर्भसूची तपासताना मी मुलांना कोणत्याही तीन नोंदी निवडून सांगते, ते पान उघडून दाखव. जे वाचलंय ते लगेच दाखवता येतं.

हल्ली हे विचारणं आणखी गरजेचं झालं आहे. एआयला विषय दिला की तो दहा संदर्भ देतो. लेखकाचं नाव खरं, मासिकाचं नाव खरं, आणि त्या नावाचा लेखच अस्तित्वात नाही, असं घडतं. मुलं फसवायच्या हेतूने नेहमी असं करतात असं नाही; छापल्यासारखं नीट दिसतंय म्हणून त्यांना ते खरं वाटतं. यावर बंदी घालून काही होणार नाही. वाचनाच्या नोंदी दर आठवड्याला पाहिल्या तर बरंच काही होईल.

उचलेगिरीचं म्हणाल तर आपण ती साम्य मोजणाऱ्या यंत्राच्या टक्क्यांवर सोपवून दिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरत नाहीत. सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी या भागांत मात्र साम्य अजिबात चालत नाही. ही यादी वाचली की कळतं, नियम लिहिताना डोळ्यांसमोर प्रयोगशाळेचा अहवाल होता. साहित्याच्या निबंधात उतारे द्यावेच लागतात, आणि दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून घेतली तर यंत्राला ती सापडतही नाही. मुलांना एवढंच समजतं की आकडा खाली आणायचा. मग 'शोज'चं 'एक्झिबिट्स' होतं, वाक्यं उलटीपालटी होतात, आणि झेरॉक्सच्या दुकानात साम्य कमी करून देण्याचे पैसेही मोजले जातात. ज्या मुलीला दुसऱ्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगून त्याचं श्रेय कसं द्यायचं हे तीन-चार वेळा करून दाखवलंय, तिला यातलं काही करावं लागत नाही. ते करून दाखवणं हाच पहिल्या सत्राचा अभ्यास असला पाहिजे.

आता लेखनाकडे येते. माझा सगळ्यात जास्त जीव त्यात आहे.

प्रकल्पाचं पहिलं पान जवळपास ठरलेलं असतं. लेखिका भारतीय इंग्रजी साहित्यातलं एक अग्रगण्य नाव आहे. तिचा जन्म अमुक साली झाला. तिला हे पुरस्कार मिळाले. पुढे स्त्रीवादाची व्याख्या, मग त्याच्या लाटा. आठव्या-नवव्या पानावर कधीतरी एखादं वाक्य येतं जे फक्त त्या मुलीलाच सुचलं असतं : या कादंबरीतल्या आईला एकाही ठिकाणी नावाने हाक मारलेली नाही. मी त्या वाक्याखाली रेघ मारते आणि सांगते, इथून सुरू कर. मागची पानं ठेवायची की काढायची ते नंतर बघू. पुढच्या मसुद्यात तेच वाक्य पहिलं येतं आणि सगळा निबंध उठून उभा राहतो. हे एका मसुद्यात होत नाही, दुसऱ्यातही होईलच असं नाही. आणि ज्या सत्रात अख्ख्या विषयाचा शेवट तीन तासांच्या पेपरात होतो, त्या सत्रात दुसरा मसुदा कधीच लिहिला जात नाही.

यात आणखी एक गोष्ट करायला हवी, ती काहींना खटकेल याची मला जाणीव आहे. पहिला कच्चा मसुदा मराठीत लिहायची मोकळीक द्या. मराठी माध्यमातून आलेली मुलं विचार मराठीत करतात. थेट इंग्रजीत लिहायला लावलं की हाताशी असलेली तयार वाक्यं येतात, 'द प्रेझेंट पेपर अटेम्प्ट्स टु थ्रो लाइट ऑन' छापाची, आणि विचार मागे राहून जातो. मराठीत मुद्दा आधी नीट उभा राहिला, त्यावर वर्गात मराठीत वाद झाला, की इंग्रजीत मांडताना तीच मुलं स्वतःची वाक्यं शोधतात. अंतिम निबंध इंग्रजीतच हवा आणि तो काटेकोर हवा, याबद्दल माझं दुमत नाही. पण तिथपर्यंतचा रस्ता त्यांच्या भाषेतून जाऊ द्या. हिंदी, उर्दू, गुजराती बोलणाऱ्या मुलांनाही हीच सवलत हवी.

वेळेचं काय, असं तुम्ही विचाराल. ऐरोली, महापे इथल्या कंपन्यांत रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणारी मुलं आपण सगळेच पाहतो. दर आठवड्याला एक पान, एवढंच मागू या. एका पानात एक लेख वाचून त्याचा मुद्दा काय, पुरावा काय आणि मला त्यात काय पटलं नाही, एवढं. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत ठाणे ते वाशी बसून ते लिहून होतं. मुलं फोनवर लिहितात आणि चांगलं लिहितात. साहित्य मिळवण्याची अडचण मात्र खरी आहे. जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी योजना सुरू झाली, ती सरकारी संस्थांसाठी. आपली बहुतेक महाविद्यालयं खासगी संस्थांची. तिथल्या मुलांना जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःचं खातं उघडून महिन्याला 100 लेख फुकट वाचता येतात, शोधगंगेवर देशभरातले प्रबंध खुले आहेत. हे पहिल्याच आठवड्यात, मुलांच्या हातातल्या फोनवर, समोर बसून उघडून द्यायला हवं.

म्हणून माझी विनंती अशी. अभ्यास मंडळाने या विषयाची सत्राअखेरची लेखी परीक्षा काढून टाकावी आणि त्या गुणांसाठी सत्रभराच्या लेखनाची फाइल धरावी : आठवड्यांच्या नोंदी, टिपणांसह संदर्भसूची, आणि एकाच निबंधाचे शेरे मारलेले मसुदे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाहेरच्या परीक्षकाने ती फाइल पाहावी आणि विद्यार्थ्याशी दहा मिनिटं बोलावं. प्रमाणित उत्तरपत्रिका नसेल तर गुणांत पक्षपात होईल ही भीती मी ऐकली आहे. बाहेरच्या परीक्षकासमोर मसुदे ठेवले तर ती उरत नाही. उलट आजच्या पेपरात पाठांतराला गुण मिळतात, हा अन्याय जास्त मोठा आहे.

विभागप्रमुखांकडे मागणं वेगळं आहे. आपले विभाग लहान आहेत, कुठे दोन शिक्षक, कुठे तीन. प्रत्येकाने सगळं शिकवण्यापेक्षा ठाणे, वाशी, नेरूळ, कोपरखैरणे इथल्या विभागांनी मिळून शनिवारी एक सामायिक वर्ग चालवावा. एकाला आवृत्त्यांचं ज्ञान आहे, एकाला भाषांतराचं, एकीने लोककथांवर क्षेत्रकार्य केलंय. मुलांना तिघांकडूनही शिकता यावं. ग्रंथ संग्रहालयाशी विभागाच्या पत्राने बोलणं करून मुलांना जुनी पुस्तकं तिथे बसून पाहायची सोय करून घ्यावी.

आणि मसुदे वाचण्याचा वेळ कार्यभारात मोजावा. हे सगळ्यात अवघड आहे हे मला ठाऊक आहे. पूर्णवेळ शिक्षकाचे तास मोजले जातात, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर वर्गात उभं राहिल्याचेच पैसे मिळतात. वीस मुलांचे मसुदे नीट वाचायचे, प्रत्येकाच्या समासात लिहायचं, तर आठवड्याच्या कित्येक संध्याकाळी जातात. प्रेमाने करणारे आजही करतात. पण ज्या कामावर 14 श्रेयांक उभे आहेत, ते कुणाच्या प्रेमावर चालू ठेवणं बरोबर नाही. मंडळाने तसा स्पष्ट ठराव केला तर प्राचार्यांपुढे आणि पुढे उच्च शिक्षण संचालनालयापुढे मांडायला विभागप्रमुखांच्या हातात काही तरी राहील.

अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा घ्यावा, ही विनंती. फाइलचा नमुना, आठवड्याच्या नोंदीचा तक्ता आणि विद्यार्थ्यांच्या परवानगीने नावं काढून ठेवलेले काही मसुदे माझ्याकडे तयार आहेत. सांगाल त्या शनिवारी घेऊन येईन.

आपली नम्र,
ठाण्यातली एक इंग्रजीची शिक्षिका